सातबारा नसलेल्यांचा हंगाम

व्यावहारिक मराठीच्या प्रश्नपत्रिकेत आम्ही गेली कित्येक वर्षे एक प्रश्न नेमाने घालत आलो आहोत : 'आपल्या घरच्या लहानशा व्यवसायाच्या वाढीसाठी कर्ज मिळावे म्हणून बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना अर्ज लिहा.' विद्यार्थ्यांच्या लेखी हा हुकमी गुणांचा प्रश्न. मायना, विषय, मजकूर, 'आपला विश्वासू' एवढे जागच्या जागी पडले की गुण पदरात. गेल्या वर्षीच्या अंतर्गत परीक्षेत एका विद्यार्थिनीने हा अर्ज फार चांगला लिहिला. आईचे किराणा मालाचे दुकान, उन्हाळ्यात पापड-कुरडयांचा जोडधंदा, माल भरायला लागणारी रक्कम, ती कधी व कशी फिटेल याचा हिशेब, सारे नेटके. अर्जाखाली मात्र तिने दोन ओळी जादा लिहिल्या होत्या. असाच अर्ज घेऊन आई शाखेत तीनदा जाऊन आली. शेवटी पैसे गटातून मिळाले, आणि गटाच्या कर्जाला अर्ज लिहावाच लागत नाही, असे त्या ओळींचे म्हणणे होते.

आम्ही तिला पूर्ण गुण दिले. परंतु ज्या कर्जासाठी धंद्याचा हिशेब मांडावा लागत नाही ते कर्ज धंद्यासाठी आहे असे आपण कशाच्या बळावर म्हणतो, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मागे लागला आहे. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. दुष्काळी पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवतो. अर्थशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे, हे मान्य. पण ग्रामीण भागातल्या लहान धंद्यांच्या कर्जाबाबत आज जो गोंधळ आहे तो बराचसा शब्दांचा आहे, आणि शब्दांचा गोंधळ दिसला तर तो दाखवणे हे आमच्या नोकरीचे कामच आहे.

पहिला शब्द 'बचत गट'. हा महाराष्ट्राने कमावलेला शब्द आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले १९७५ मध्ये. स्वयंसहाय्य गट बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रयोग नाबार्डने सुरू केला १९९२ मध्ये. त्या रचनेचा क्रम स्पष्ट होता. बायकांनी दरमहा थोडे थोडे साठवायचे, त्यातून एकमेकींना उसने द्यायचे, वही आपण ठेवायची, आणि ती वही पाहून बँकेने कर्ज द्यायचे. बचत आधी, कर्ज मागून. गटात फिरणाऱ्या पैशाचे व्याज गटातच राहते. आज आमच्या गावात 'गटाचे कर्ज' म्हटले की पुष्कळदा निराळीच गोष्ट अभिप्रेत असते. वित्तकंपनीचा माणूस येतो, शेजारपाजारच्या पाच-दहा बायका एकत्र करतो, एकीने चुकवले तर बाकीच्यांनी भरायचे असे त्यांच्याकडून कबूल करून घेतो, आणि थोड्याच दिवसांत पैसे खात्यावर जमा होतात. तांत्रिक भाषेत हा संयुक्त दायित्व गट. त्यात बचत नाही, बायकांची स्वतःची वही नाही, व्याजही गटात राहत नाही. लोक मात्र यालाही बचत गटच म्हणतात आणि कंपन्यांना ते सोयीचे आहे. भाषाविज्ञानाच्या तासाला अर्थापकर्षाची उदाहरणे शोधत आम्ही जुन्या पोथ्या चाळतो. हे उदाहरण महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर उभे आहे.

दुसरा शब्द 'उद्योग'. सभासमारंभांत, विशेषतः ८ मार्चच्या आसपास, सूक्ष्म वित्त आणि उद्योजकता हे शब्द जोडीनेच व्यासपीठावर येतात. कर्ज मिळाले की उद्योजिका झाली, असे समीकरण मांडून वक्ते टाळ्या घेतात. नियमांची भाषा याहून प्रामाणिक आहे. आंध्रातील अरिष्टानंतर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने या संस्थांसाठी जे नियम केले, त्यांत कर्जांचा मोठा भाग उत्पन्न देणाऱ्या कामासाठी असावा अशी अट होती. पुढे ती अट सैल होत गेली. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांत सूक्ष्म वित्त कर्जाची व्याख्याच बदलली : वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज, मग ते कोणत्याही कारणासाठी असो. आम्हाला ही व्याख्या चुकीची वाटत नाही. आजारपण, लेकीचे लग्न, घराचे पत्रे, मुलाची फी यांसाठीही गरिबाला पैसा लागतोच, आणि खोटे कारण लिहून तो घेण्यापेक्षा खरे सांगून घेतलेला बरा. मात्र व्याख्येतून धंदा वगळला गेला असताना भाषणातून तो वगळला जात नाही. आकडे कर्जवाटपाचे सांगायचे आणि श्रेय उद्योजकतेचे घ्यायचे, हा दुटप्पीपणा झाला.

आता मुख्य मुद्दा. खेड्यातल्या लहान धंद्याला कर्ज मिळत नाही, ही ओरड आमच्या भागापुरती तरी जुनी झाली. कर्ज मिळते, काही घरांत तर तीन-तीन ठिकाणचे मिळते. न मिळणारी गोष्ट आहे ती धंद्याच्या चालीने चालणारे कर्ज. दर किती, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाला आणि तो व्हायलाच हवा. पण हप्ता केव्हा, हा प्रश्न दराइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा असून त्यावर कोणी बोलत नाही.

त्या विद्यार्थिनीच्या आईचेच दुकान घ्या. आम्ही मुद्दाम जाऊन तासभर बसलो. गल्ल्याशेजारी उधारीची वही होती. कांदा विकला की देतो, कारखान्याचे बिल आले की देतो, ऊसतोडीची उचल मिळाली की देतो, पगार झाला की देतो. वहीच्या प्रत्येक पानावर एक हंगाम आहे. म्हणजे ही बाई स्वतःच सावकार आहे, आणि तीही बिनव्याजी. गावाला ती चार-चार, सहा-सहा महिन्यांच्या बोलीवर माल देते. तिने घेतलेले पैसे मात्र आठवड्याच्या बोलीवर आहेत. पेठेतला ठोक व्यापारी पंधरा दिवस थांबतो. हप्ता सात दिवसांपलीकडे थांबत नाही. गावाची उधारी हंगामाने फिटते आणि तिचा हप्ता वाराने येतो. या दोन वेळापत्रकांच्या मधली फट ती कशाने बुजवते? कधी दुकानातला माल पडेल किमतीला काढून, कधी शेजारणीकडून हातउसने घेऊन, आणि कधी दुसऱ्या कंपनीचे कर्ज उचलून. या शेवटच्या प्रकाराला बाहेरचे लोक 'अतिकर्जबाजारीपणा' म्हणतात आणि त्याचे खापर बाईच्या हौसेवर फोडतात.

पापडाचे गणित तर याहून उघडे आहे. उडदाची डाळ भरायची फाल्गुनात; लाटायचे आणि वाळवायचे चैत्र-वैशाखाच्या उन्हात; खप सुरू होतो त्यानंतर, आणि खरा उठाव दिवाळीच्या सुमारास. समजा, तिने ४०,००० रुपये वर्षभराच्या मुदतीने, घटत्या शिलकीवर २४ टक्के दराने आणि ५२ साप्ताहिक हप्त्यांनी घेतले. हप्ता येतो सुमारे ८६७ रुपये. पहिल्या १२ आठवड्यांत, म्हणजे पापड अजून अंगणातल्या खाटेवर वाळत असतानाच, १०,४०० रुपये परत गेलेले असतात. ते पापडातून आलेले नसतात, कारण पापड विकलेच गेलेले नाहीत. ते आलेले असतात त्याच ४०,००० मधून, नाहीतर नवऱ्याच्या मजुरीतून. वर्षाची सरासरी काढली तर मुद्दलाचा निम्म्याहून थोडासाच अधिक भाग तिच्या हाती राहतो. कागदावर चाळीस हजारांचे भांडवल; धंद्यात फिरते त्याच्या निम्मे.

कुंभाराचेही तेच. संक्रांतीची सुगडी, पोळ्याचे बैल, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या हे त्याचे चार हात. भर पावसात ना माती वाळते, ना आवा पेटतो. शिंप्याला जूनचे गणवेश, लग्नसराई आणि दिवाळी. शेळी घेणाऱ्या बाईचे तर विचारूच नका. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. पुढे करडू विकण्याजोगे व्हायला आणखी काही महिने. शेळी दर मंगळवारी हप्त्यापुरते काही देत नाही. ज्या घरात आठवड्याला मजुरी येते त्या घराला हा हप्ता झेपतो. कर्ज धंद्याच्या नावाने घेतले जाते आणि फेडले जाते मजुरीतून, याचे कारण बाईच्या बेशिस्तीत शोधू नये. ते हप्त्याच्या तारखेत आहे.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. साप्ताहिक हप्ता सर्वांनाच जाचतो असे नाही. आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणारी, बांगड्या विकणारी, स्टँडवर वडापावची गाडी लावणारी बाई रोज पैसा पाहते. तिला लहान लहान हप्ता सोयीचाच वाटतो. एकरकमी साठवणे गरिबाच्या घरात किती कठीण, हे ती आपल्याहून चांगले जाणते. बांगलादेशात ग्रामीण बँकेने ही पद्धत रुजवली, त्यामागे हे शहाणपण होतेच. दोष पद्धतीचा कमी आणि तीच पद्धत सर्वांच्या गळ्यात बांधण्याचा अधिक आहे.

हे आमचे भावनिक निरीक्षण आहे असे कोणी म्हणेल म्हणून एका अभ्यासाचा दाखला देतो. एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्यात एक प्रयोग केला; तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कर्जदार बायकांचे हप्ते नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी सुरू झाले, काहींना दोन महिन्यांची सवड मिळाली. सवड मिळालेल्यांनी धंद्यात अधिक पैसा घातला आणि दीर्घकाळात त्यांचा नफाही वाढला. मात्र त्यांच्यात कर्ज थकण्याचे प्रमाणही वाढले. हा दुसरा निष्कर्ष आम्ही लपवू इच्छित नाही, कारण सारे मर्म त्यातच आहे. आठवड्याचा हप्ता कर्ज देणाऱ्याला सुरक्षित ठेवतो आणि घेणाऱ्याला लहान ठेवतो. जोखीम घेतल्यावाचून धंदा वाढत नाही. आणि ही रचना जोखमीला पहिल्याच पंधरवड्यात चाप लावते. हैदराबादेतील वस्त्यांमध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही सूक्ष्म कर्जाने जीवन पालटल्याचे दिसले नाही; आधीपासून चालू असलेल्या काही धंद्यांना हातभार लागला, इतकेच. दोन्ही अभ्यास शहरांतले. शहरात धंदा निदान बारमाही असतो. जेथे पाऊस, पीक आणि सण यांवर गिऱ्हाइकाचा खिसा अवलंबून, तेथे तारखेची अडचण वाढेलच.

यावर व्यवस्थेकडून येणारे उत्तर आम्हाला पाठ झाले आहे : हंगामाप्रमाणे वसुली करणे व्यवहार्य नाही. हे उत्तर महाराष्ट्रात कोणी द्यावे, याचे मात्र आश्चर्य वाटते. याच गावात, त्याच रस्त्यावर, विकास सोसायटीचे कार्यालय आहे. तेथे पीककर्ज मिळते. ते पेरणीला मिळते आणि पीक निघाल्यावर फेडायचे असते. कोवळ्या रोपाकडे दर मंगळवारी हप्ता मागायला कोणी जात नाही. केंद्र सरकारच्या व्याजसवलतीमुळे वेळेवर फेडणाऱ्याला ते ४ टक्के दराने पडते. म्हणजे हंगामाने चालणारे कर्ज कसे द्यावे हे या राज्याला चांगले ठाऊक आहे. फक्त त्यासाठी सातबारा लागतो. ज्याच्या नावे जमीन आहे त्याचा हंगाम राज्याला दिसतो. ज्याच्या नावे जमीन नाही त्या कुंभाराचा, शिंप्याचा, पापडवालीचा हंगाम दिसत नाही. हा आमचा आक्षेप आहे. शेतकऱ्याला मिळते ते काढून घ्या असे आम्ही चुकूनही म्हणत नाही. त्याचे हाल आम्ही रोज वर्गात पाहतो. एकच पाऊस पडला नाही म्हणून शेतकऱ्याचे पीक आणि दुकानदारणीची उधारी दोन्ही बुडतात. पहिल्या बुडीताची नोंद होते, पुनर्गठन होते, कधी माफीही होते. दुसरे बुडीत पुढच्या मंगळवारी दारात उभे राहते.

हे अंधत्व जुने आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात कर्जरोख्यांची होळी झाली, त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पत पाहणीने दाखवून दिले की शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के आणि सावकारांचा ७० टक्क्यांच्या आसपास. गोरवाला समितीच्या १९५४ च्या अहवालातून पुढची सारी उभारणी झाली. ही वाटचाल मोठी आहे. परंतु तिच्या केंद्रस्थानी प्रत्येक टप्प्यावर जमीन कसणारा आहे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) मध्ये ज्या कारूनारूंचे तपशीलवार चित्र रेखाटले, ते पतपुरवठ्याच्या या इतिहासात कडेला उभे आहेत. बलुत्याचा मोबदला खळ्यावर, म्हणजे हंगामाने मिळे. आम्ही बलुत्याची आरती ओवाळायला निघालेलो नाही. त्या हंगामी धान्याला केवढ्या अपमानाची किंमत मोजावी लागे, हे दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) नंतर मराठी वाचकाला सांगण्याची गरज उरलेली नाही. एवढेच म्हणायचे आहे की बलुते गेले हे फार चांगले झाले. पण त्याच्या जागी कारागिराला जे कर्ज मिळाले त्यात अपमान शिल्लक राहिला आणि हंगाम तेवढा गेला.

अपमानाचा उल्लेख झाला म्हणून तिसरा शब्द : 'विनातारण'. मराठीत 'पत' या एका शब्दात कर्ज मिळण्याची योग्यता आणि समाजातली अब्रू असे दोन्ही अर्थ नांदतात. गटाच्या कर्जात शेताचा कागद ठेवावा लागत नाही, सोने ठेवावे लागत नाही. तारण असते ती दुसऱ्या अर्थाची पत. एकीचा हप्ता आला नाही की बाकीच्या उठत नाहीत. ज्या शेजारणीकडे वेळप्रसंगी मीठ मागायला जायचे तीच वसुलीला दारात येते. २०२२ च्या नियमांत सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी संपर्क साधण्यास मनाई आहे, धाकदपटशाला मनाई आहे. हे चांगलेच आहे. पण शेजारणीच्या नजरेला वेळेचे बंधन कोणता नियम घालणार? विनातारण हा शब्द कागदोपत्री खरा आणि गल्लीत खोटा आहे.

येथवर वाचून आमचे पुष्कळ स्नेही मान डोलावतील. हे सारे सावकारीचेच नवे रूप, तेव्हा कर्जे बुडवा, कंपन्या हाकला, असे त्यांचे म्हणणे असते. आता त्यांच्याशी भांडणे भाग आहे, कारण ते आमच्याच घरातले आहेत. मराठी साहित्याने आणि चित्रपटाने कर्जाविषयी एकच गोष्ट वारंवार सांगितली : सावकार आणि नाडलेला शेतकरी. बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश' (१९२५) पासून ती आपल्या डोळ्यांत ठसली आहे. ती खरीही होती. पण तिच्या प्रभावाने आपल्याला कागद नष्ट करण्याच्या दृश्याचे फार आकर्षण जडले. सुप्याची होळी आपल्याला आठवते. तुकोबांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडवल्याची कथा परंपरा सांगते, तीही आपण भक्तिभावाने सांगतो. ती सांगताना आपण विसरतो की त्या घरात आधी एक दुकान होते आणि ते दुष्काळात बसले. दुकान बसण्याची गोष्ट आपल्याला रमवत नाही. खते बुडवण्याची रमवते. संताला ते शोभले. दुकान पुन्हा उघडू पाहणाऱ्या बाईला कागद बुडवून भागत नाही. तिला कागद नीट लिहून हवा आहे.

आंध्रात काय झाले ते पाहावे. २०१० च्या उन्हाळ्यानंतर एका मोठ्या सूक्ष्म वित्त कंपनीचे समभाग बाजारात वाजतगाजत आले. त्याच सुमारास वसुलीच्या जाचाच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि या संस्थांचे काम तेथे जवळजवळ थांबले. लोकांच्या संतापाला कारण होते, यात शंका नाही. पण पुढे काय? एमिली ब्रेझा आणि सिंथिया किन्नन यांनी त्याचा माग काढला. आंध्राबाहेरच्या ज्या जिल्ह्यांत त्या अरिष्टामुळे कर्ज आटले, तेथे मजुरीचे दरही घसरल्याचे त्यांना आढळले. म्हणजे कर्ज एकदम बंद केल्याचा फटका कर्ज न घेतलेल्या मजुरालाही बसतो. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर विदर्भात बायकांनी कर्जमाफीसाठी मोर्चे काढले. रोकडीवर चालणारे धंदे एका रात्रीत बसले होते; त्यांची मागणी न्याय्यच होती. पण माफी मिळो न मिळो, दुसऱ्या दिवशी दुकानात माल भरायला पैसा लागतोच. तो कोठून आणायचा याचे उत्तर आमच्या स्नेह्यांच्या भाषणात आम्ही अजून ऐकलेले नाही.

मग बँक? ८ एप्रिल २०१५ रोजी मुद्रा योजना सुरू झाली. ५०,००० रुपयांपर्यंत 'शिशु', ५ लाखांपर्यंत 'किशोर', १० लाखांपर्यंत 'तरुण'. २०२४ मध्ये 'तरुण प्लस' म्हणून मर्यादा २० लाखांवर गेली. नावे छान आहेत. अडचण अशी की आमच्या विद्यार्थिनीच्या आईला गटाच्या कर्जातून शिशुपण संपवता येते, किशोर होता येत नाही. तिला दीड-दोन लाख हवे आहेत : थंड पेयांचे कपाट, पापडाचे यंत्र, थोडा जास्तीचा माल. गटाच्या मापात हे बसत नाही आणि शाखेत गेल्यावर विवरणपत्र, कोटेशन, जामीनदार, 'धंद्याचा पुरावा' अशी यादी हाती पडते. तिने आजवर वर्षावर्षाची तीन कर्जे फेडली. ५२ हप्त्यांप्रमाणे १५६ वेळा ती ठरल्या वारी, ठरल्या वेळी पैसे घेऊन हजर राहिली. हा पुरावा नव्हे? गल्ल्यावर क्यूआर कोडचा ठोकळा आहे, रोजची जमा बँकेच्याच खात्यात दिसते. उधारीची वही आहे. या तिन्ही गोष्टी वाचता येत नाहीत असे बँक म्हणत असेल, तर निरक्षर कोण?

ही कोटी नव्हे. माण तालुक्यातील म्हसवडला १९९७ मध्ये माण देशी महिला सहकारी बँक सुरू झाली. परवान्यासाठीचा पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण संस्थापकांत अंगठा उठवणाऱ्या बायका होत्या. चेतना सिन्हा यांनी सांगितलेली हकीकत अशी की त्या बायका अक्षरे गिरवून पुन्हा गेल्या आणि आम्ही व्याजाचा हिशेब तोंडी करतो, अधिकाऱ्यांनी यंत्राशिवाय करून दाखवावा, असे आव्हान त्यांनी दिले. परवाना मिळाला. दुष्काळी तालुक्यातल्या बायका बँक चालवू शकतात, तर जिल्ह्याच्या गावच्या बँकेने एका दुकानदारणीची वही वाचायला काय हरकत आहे?

आमचे मागणे फार नाही. २०२२ च्या नियमांत एक तरतूद आहे : हप्ता किती दिवसांनी घ्यायचा हे कर्जदाराच्या गरजेप्रमाणे ठरवण्याची मोकळीक देणारे धोरण प्रत्येक संस्थेच्या संचालक मंडळाने मंजूर केले पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरून आलेली जेवढी कर्जपत्रके आम्ही पाहिली, त्यांत या मोकळिकीचा मागमूस नव्हता. वार छापलेला आणि पक्का. ती तरतूद फायलीतून गल्लीत यावी. त्याच नियमांत कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये, असे आहे. हेतू चांगला, पण बारा सारखे महिने खेड्यात नसतात, हे मोजणाऱ्याने ध्यानात घ्यावे. गटाच्या कर्जाची नियमित फेड ही शाखेत धंद्याची पत म्हणून धरली जावी. आणि जेथे बचत नाही त्या गटाला बचत गट म्हणू नये. ही शेवटची मागणी सर्वांत स्वस्त आहे. वृत्तपत्रांनी आणि आम्ही अध्यापकांनी मनावर घेतले तर उद्यापासून अमलात येईल.

आमच्या वाट्याचे काम आम्ही सुरू केले आहे. कर्जाचा करार कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावा, असा नियम आहे. असे एक कर्जपत्रक आम्ही पदव्युत्तर वर्गात वाचायला दिले. भाषा मराठीच होती. 'सहऋणको', 'वार्षिकीकृत दर', 'प्रक्रिया शुल्क' ओलांडता ओलांडता मराठी घेऊन एम. ए. करणारी मुले तिसऱ्या परिच्छेदात अडखळली. ज्यांच्या आयांनी त्यावर सह्या केल्या होत्या, ती मुले सर्वांत गप्प होती. तेव्हापासून दर पंधरवड्याला एक तास आम्ही ही पत्रके सोप्या मराठीत उतरवण्याला देतो. यंदाच्या प्रश्नपत्रिकेतला तो जुना हुकमी प्रश्नही बदलला आहे. नवा प्रश्न असा :

'कर्जाच्या हप्त्यांचे वेळापत्रक आपल्या व्यवसायाच्या हंगामाप्रमाणे ठरवून मिळावे, यासाठी वित्तसंस्थेच्या व्यवस्थापकास अर्ज लिहा. (गुण ८)'

उत्तरे तपासून झाली की चांगले अर्ज वेगळे काढून ठेवणार आहोत. ते केवळ तपासून गठ्ठ्यात बांधायचे नाहीत. ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांनी ते नेऊन द्यायचे आहेत.